सोनबाने टाळी वाजवली नाही

शनिवारी संध्याकाळी सात वाजता महाडच्या सभागृहात पडदा सरकला. मंचावर मुंबईहून आलेले चाळीस वादक बसले होते. नाचणारं कोणी नव्हतं.

फलकावर ‘बॅले : नाचाचं संगीत’ असं लिहिलं होतं. बॅले हा युरोपातला नाच. त्याच्यासाठी रचलेलं संगीत इथे नुसतंच वाजणार होतं. ज्यांना हे ठाऊक होतं ते निवांत बसले. वरंधच्या वरच्या वाडीवरून जीप करून आलेली माणसं मात्र मंचाच्या दोन्ही कडांकडे बघत राहिली.

“नाचणाऱ्यांची यष्टी चुकली वाटतं,” भिकाजी म्हणाला.

पहिली रांग हसली. त्याच्या शेजारचा सोनबा हसला नाही. वाडीच्या नाचात हे दोघे तरुणपणापासून जोडीने उभे राहत आले होते. मुंबईला कामाला गेलेली पोरं गणपतीला घरी येतात, तेव्हा त्यांना पावलं अजूनही सोनबाच शिकवतो.

व्हायोलिनवाल्यांत सगळ्यात कडेला सोनबाची मुलगी अक्षदा होती. मुंबईत ती बँकेत नोकरीला होती. बिनपगारी रजा घेऊन ती या वाद्यवृंदात वाजवत होती. रजा उद्या संपत होती. सोमवारी बँकेत हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. वाद्यवृंद तिला कायम ठेवायला तयार होता. ती घरी म्हणाली होती, बाबा सांगतील तसं. सोनबा फोनवर एवढंच बोलला होता, “आधी ऐकतो.”

पहिला तुकडा संपला. टाळ्या झाल्या. अक्षदाने खाली बघितलं. तिची आई बयाबाई जोरजोरात टाळ्या वाजवत होती. सोनबाचे दोन्ही हात मांडीवरच्या कापडी पिशवीवर होते. ते हलले नाहीत. त्याची नजरही तिच्या तोंडाकडे नव्हती. मंच उंच होता. पहिल्या रांगेतून वादकांच्या चेहऱ्यांपेक्षा पाय जास्त दिसत होते.

दुसऱ्या तुकड्यात ताल झुलता झाला आणि सभागृह सैल झालं. एक निवृत्त मास्तर डोळे मिटून बोट हलवू लागले. कोर्टातल्या एका वकिलांनी फोन उलटा ठेवला. मागे रडणारं पोर गप्प झालं. ड्यूटी संपवून थेट आलेली आम्रपाली नर्स नंतर म्हणाली, दिवसभर दुखणारे पाय आपले आहेत हेच ती विसरली होती.

“एका काठीवर एवढी माणसं चालतात,” बयाबाई हातातली काठी हलवणाऱ्या संचालकांकडे बघून कुजबुजली. “आपल्याकडं चौघं भाऊ एका बांधावरनं चालत नाय.”

शेवटचा तुकडा संपला तेव्हा लोक उभे राहिले. संचालक राजेश सरांनी हात वर केला. वादकही उभे राहिले. अक्षदा खाली वाकली आणि सगळ्यांच्या नंतर उठली. तिने पुन्हा पहिल्या रांगेकडे पाहिलं. सोनबाचे हात पिशवीवरच होते.

बाहेर जीप उभी होती. अक्षदा व्हायोलिनची पेटी घेऊन धावत आली. बयाबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला.

“नाच नव्हता,” भिकाजी म्हणाला, “पण मी दमलो गो.”

अक्षदा हसली नाही. ती सोनबासमोर उभी राहिली.

“बाबा, मी सोमवारी बँकेत जाते.”

“का गो?”

“तुम्ही एकदाही टाळी नाय वाजवलीत.”

“हात कुठं मोकळं होतं माझं?”

त्याने पिशवी उचलली. आत घुंगरं वाजली. ते त्याचे नाचताना पायांत बांधायचे चाळ होते. नाच बघायला जायचं तर आपले चाळ बरोबर असावेत, कोणी रिंगणात बोलावलं तर उभं राहता यावं, ही त्याची जुनी रीत. महाडलाही तो ते घेऊन आला होता.

“पाय थांबंना,” सोनबा म्हणाला. “पाय हलला की पिशवी वाजायची. एवढ्या लोकांत तुझी लाज गेली असती. म्हणून दाबून धरली.”

सोनबाने तिच्या उजव्या पायाकडे बघितलं. घोट्यावर काळ्या रिबिनीची गाठ अजून तशीच होती. टोकं लोंबत होती.

“आन तुझा पाय कुणी बांधला गो?”

“मीच. खुर्चीला बांधला होता.” ती थांबली. “फळीवर धपधप वाजतो. सर म्हणाले, इथे नाच नाही, फक्त संगीत आहे.”

लहानपणी ती नाचाच्या रिंगणाबाहेर बसून असाच पाय आपटायची. रिंगणात तेव्हा फक्त बापये माणसं असत.

“नाचाचं वाजवायचं आन पाय बांधून?” सोनबा म्हणाला.

त्याने पिशवी तिच्या हातात दिली आणि तो जीपमध्ये चढला. बँकेबद्दल तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला हाच कार्यक्रम झाला. तो ऐकून आलेल्या एका शिक्षकांना शेवटच्या तुकड्यात कुठेतरी घुंगरं वाजल्यासारखं वाटलं. कार्यक्रमपत्रिकेत वाद्यांची नावं छापली होती. त्यांत घुंगरं नव्हती.

सोमवारी बँक उघडली तेव्हा अक्षदाची खुर्ची रिकामी होती. आता गणपती तोंडावर आलेत. भिकाजी रोज विचारतो. सोनबाचे चाळ अजून वाडीवर परत आलेले नाहीत.