बूट मोरीपाशी

"ते बूट आधी मोरीपाशी काढ, मग तोंड उघड!" ताई ओरडली.

साहेबांनी गुडघ्यापर्यंतचे बूट मुकाट्याने काढले. रस्ते खात्यात लोक त्यांना चळाचळा कापत. ताई रस्ते खात्यात नव्हती.

"आजही सापडली," ते म्हणाले.

सापडली होती ती गोगलगाय. तिळाएवढी. दलदलीतल्या लव्हाळ्याच्या पात्यांवर राहणारी, जगात फार थोडी उरलेली. खात्याने आणलेल्या गोगलगायवाल्या बाई लव्हाळा पांढऱ्या कापडावर झोडायच्या आणि पडलेला कचरा भिंगातून बघायच्या. गोगलगाय दिसली, की नकाशावरचा रस्ता थोडा सरकायचा. सरकता सरकता तो ताईच्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता.

दलदलीत एखादा तरी तुकडा गोगलगायीविना निघावा, म्हणून साहेब रोज बाईंच्या मागे चिखलात उतरायचे. संध्याकाळी ताईला वाईट बातमी द्यायला यायचे. ताई ऐकता ऐकता त्यांच्या बुटांवर पाणी ओतायची, खराट्याने चिखल-पाला खरडून अंगणातल्या मोरीच्या कडेला लोटायची.

"जन्मभर माझ्या घरात घाण आणलीस. आता घरच घेऊन चाललास."

घर पाडण्याआधी तिथेही गोगलगाय शोधायची, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी दलदलीतलं काम आटोपून बाई आणि साहेब थेट ताईकडेच आले. अंगण खडखडीत कोरडं. नियम तो नियम, म्हणून बाईंनी मोरीच्या कडेला उगवलेली हिरवी पाती कापडावर झोडली. भिंग डोळ्याला लावलं. काढलं. पदराने पुसलं. पुन्हा लावलं.

"असं होतच नाही," त्या म्हणाल्या. "ही कोरड्या जागेत राहत नाही. चालत आली म्हणावं, तर निघाली कधी?"

साहेबांनी भिंगातून पाहिलं. मग कौलांकडे पाहिलं. मग उगाच आकाशाकडे. रस्ता अडला एवढं त्यांना कळलं. कशामुळे, ते कळेना.

"पण एकीवर भागत नाही," बाई कापडाची घडी घालत म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात पुन्हा येईन. तेव्हा आणखी मिळाल्या, तर या घराला कुणी हात लावणार नाही. नाही मिळाल्या, तर ही वाट चुकलेली समजायची. साहेब, तुम्हाला काही सुचतंय?"

"छे."

बाई गेल्या. साहेब डोकं खाजवत मोरीपाशी आले आणि सवयीने बूट काढायला वाकले. चिखल घोट्याच्या वर चढला होता, त्यात लव्हाळ्याची चार पाती अडकली होती.

ताई खराटा घेऊन आली. तिने बुटांकडे पाहिलं. मोरीकडे पाहिलं. मग भावाकडे, लहानपणी त्याची बेरीज चुकल्यावर पाहायची तसं. आणि खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"उद्याही दलदलीत जा," ती म्हणाली. "आणि खबरदार, येताना बूट झटकलेस तर!"