तोफेची दोरी

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आपलं डोकं तपासून घ्यावं, असं बजावून खंडेरावांनी तोफेतून गोळा सोडला. गोळा निघाला तो ऐटीत. पहिला डोंगर ओलांडताना त्याला तहान लागली. मग तो खाली उतरला, नदीवर पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि पुन्हा उडाला. सातपूरला काळूच्या घरी बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेले शेजारी पोट धरून हसले. गोळ्याला मिशा कशा, असं बायडाबाईंनी विचारलं. फौजेतल्या गोळ्याला असतात, असं उत्तर मिळालं.

काळू हसला नाही. पलंगाच्या कडेला बसून तो भिंतीकडे बघत होता.

तो आणि खंडेराव फौजेत चौदा वर्षं एकाच तोफेवर होते. हुकूम यायचा, निशाण्याचे आकडे यायचे, दोरी ओढली की गोळा जायचा. कुठे पडला ते तोफेवाल्याला कधी दिसत नाही. निवृत्तीनंतर दोघं अंबडच्या एकाच कंपनीच्या गेटवर पहारेकरी म्हणून उभे राहिले, तेव्हाही काळू खंडेरावांच्या थापा ऐकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचा.

मग गेल्या वर्षी काळूच्या लेकीने, स्नेहाने, मोबाईलवर सहज एक व्हिडिओ लावला. सीमेपलीकडचं गाव. छप्पर उडालेली शाळा. भिंतीवर मुलांची नावं आणि खाली तारीख. ती तारीख दोघांनाही पाठ होती; त्या दिवशी त्यांचीच तोफ त्या बाजूला चालली होती. काळू त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. अकरा महिने झाले.

नातेवाईक म्हणाले, देशासाठी केलं, विसरून जा. पहिल्या दिवशी खंडेरावही तेच बोलून बसले होते, आणि काळूने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. डॉक्टर योगिनीबाईंच्या गोळ्यांनी झोप येऊ लागली. पण आतलं त्यांनाच बोलू द्या, त्याशिवाय पुढची वाट नाही, असं त्यांनी काळूच्या बायकोला, शकुबाईला सांगितलं होतं. शकुबाई म्हणाली, ते बोलणार नाहीत आता. खंडेराव म्हणाले, कसा बोलत नाही तेच बघतो. तेव्हापासून दर रविवारी ते ओझरहून बस पकडून येत आणि थापा मारत. उडणारी तोफ झाली. चहा पिणारं खेचर झालं. काळू ढिम्म.

आज गोळा दुसऱ्या डोंगरावर पोचला आणि खंडेराव थांबले. हसणं ओसरू दिलं. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि तो गोळा कुठे पडला ते सांगितलं. शाळा सांगितली. नावं सांगितली. तारीखही सांगितली.

"आणि दोरी मी ओढली," ते म्हणाले. "काळ्याचा काही संबंध नाही. तो त्या दिवशी तापाने फणफणला होता."

बायडाबाईंनी मांडीवरच्या नातीला, पिंकीला, जवळ ओढलं. सगळ्यांच्या नजरा खंडेरावांवर फिरल्या, आणि त्या नजरांत आता हसू नव्हतं. त्यांनी मान खाली घातली नाही. बघा, खुशाल बघा, अशा थाटात ते छाती काढून बसून राहिले.

पलंग करकरला. काळू उठून उभा राहिला होता. अकरा महिने न वापरलेला आवाज आधी फुटेचना. त्याने घसा खाकरला.

"खोटं बोलतोय हा. दोरी माझ्या हातात होती."