मल्लाप्पाचा घण

“ही टॉकीज मी पाडली होती. मग अजून उभी कशी?” माझ्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात मल्लाप्पाने विचारलं. इमारती पाडणाऱ्या टोळीत त्याची चाळीस वर्षं गेली होती. मला चेष्टा सुचली. म्हटलं, “अरे, तुझी पाठ वळली की ते पुन्हा बांधतात.”

गडी घरी गेला आणि घण घेऊन आला.

टॉकीज एका घावात गेली. मग मंडई, मग घड्याळाचा मनोरा. काचा लोकांच्या गालांत घुसल्या. मी आडवा गेलो, तर माझं मनगट मोडलं. खोटं वाटेल तुम्हाला, पण विटांची धूळ फोटोंतून उडत होती.

शेवटचा फोटो विणकरांच्या चाळीचा होता. घण वर गेला आणि तिथेच थांबला. खिडकीत एक बाई वेणी घालत बसली होती. चाळ रिकामी आहे, असं पाडायच्या दिवशी ठेकेदाराने त्याला सांगितलं होतं. तीच बाई तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखाली सापडली.

मल्लाप्पाने घण खाली ठेवला आणि काचेवर बोटाने टकटक केलं.

“अक्का, खाली या,” तो म्हणाला. “सावकाश या. आम्ही थांबतो.”