एकशे बारावं पान

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात शिरताच कादंबरीकार नाओमीबाई रोहेकरांना भिंतीवर आपल्याच पुस्तकाचं पान दिसलं. एकशे बारावं. कारखान्याचा मालक जितेश याने ते लॅमिनेट करून, वर हार घालून टांगलं होतं.

पानावर पेशवाईतली एक मूर्तिकार बाई होती. नवरा मेला म्हणून गावाने तिला देवाचे डोळे आखायला बंदी केली, एवढाच प्रसंग. तो वाचून अर्धा महाराष्ट्र रडला होता.

"अनिता कुठे दिसत नाही ती?" बाईंनी विचारलं. कादंबरी लिहिताना दोन महिने त्या अनिताच्या शेजारी बसून आखणी बघत होत्या. डोळ्यांना तसा हात अख्ख्या पेण तालुक्यात नव्हता.

"मागं बसते आता. तिचा नवरा गेला ना, जनू, दिवाळीच्या आधी. म्हणून आखणीवरून उठवली."

"म्हणून म्हणजे?"

जितेशने भिंतीकडे बोट केलं. "तुमीच लिवलंय की, म्याडम. आमाला कुठं ठाव होती जुनी रीत!"

कसली जुनी रीत! प्रकरण मिळमिळीत होतंय म्हणून रोह्याला घरी बसून, एका दुपारी, समोरचा चहा गार व्हायच्या आत बाईंनीच ती रचली होती. पुढे पुरस्कार मिळाला तोही त्या प्रसंगाच्या जिवावर.

"जितेश, खोटं आहे ते. अशी रीत कधीच नव्हती. मी मनाने लिहिलंय."

"कायतरीच काय! खोटं असतं तर छापलं असतं का?" तो मनापासून हसला. "आता गिऱ्हाईक पुस्तक वाचून येतं. आल्या आल्या इचारतं, डोळे कुणाच्या हातचे? सवाशिणीचे असले तरच बुकिंग." मग कपाटातून त्याने तीन प्रती काढल्या. "सही करा ना."

बाईंना किळस आली. थोडी त्या हाराची, थोडी त्या गिऱ्हाइकांची, पण खरी स्वतःचीच. प्रतींना हातही न लावता त्या तरातरा मागे गेल्या.

मागच्या पडवीत अनिता पाटावर बसली होती. पुढ्यात मातीच्या उंदरांची रांग. बारीक ब्रशने ती एकेकाचे डोळे आखत होती, श्वास रोखून.

"अनिता, मी सांगते त्याला," बाई घाईने म्हणाल्या. "पेपरात लिहिते, ते सगळं खोटं होतं म्हणून. उद्याच लिहिते."

हातातला डोळा पुरा करून अनिताने श्वास सोडला.

"नको, बाई. आता काय लिवू नका," ती म्हणाली. "उंदराचं लिवायचं राह्यलं तुमचं, म्हणून एवढं तरी हाय हातात."