मधमाशीचा डंख

यमुनाबाईंनी मधपेटीपाशी हातमोजा काढला. मागच्या डंखानंतर श्वास कोंडून त्या मरता मरता वाचल्या होत्या. तेव्हापासून पेट्या नवराच सांभाळत होता. आज उपचार लागू पडलाय का ते पाहायचं होतं; तो आणि डॉक्टर मृणालिनी जीव वाचवणारं इंजेक्शन घेऊन शेजारी उभे होते.

माशीने डंख मारला.

"घसा आवळतोय का गं?" जरा वेळाने नवऱ्याने विचारलं.

"नाही. नुसतं झोंबतंय."

"प्रतिपिंडं बनवताना पेशींनी छाटून टाकलेला जनुकाचा तुकडा आम्ही परत बसवला," डॉक्टर म्हणाल्या. "आता तुमची प्रतिपिंडं वेगळ्या प्रकारची झालीत. विष ओळखतात, पण शरीरभर हाहाकार माजवत नाहीत."

नवरा मटकन खाली बसला आणि डोळे पुसू लागला. यमुनाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पुढच्या पेटीचं झाकण उघडलं.