राईखालची पंगत

हवा मोजणारा मनोरा देवराईत उभारल्यानंतरची ती पहिलीच जत्रा. दुपारी पंगत बसली आणि मनोऱ्यावरचा भोंगा वाजला. राई कार्बन शोषण्याऐवजी सोडते आहे, असं मनोऱ्यातलं यंत्र सांगत होतं. संध्याकाळपर्यंत आकडा सुधारला नाही, तर नियमाप्रमाणे राईचं संरक्षण जाणार होतं.

"राई दमली गो बाय," गुरवकाका हळहळले.

मनोरा सांभाळणारी रेवती म्हणाली, "राई नाही, काका. मनोऱ्याखाली चुली आपल्या, श्वासही आपलेच. पंगत माळावर हलवा!"

"वाढल्या पानावरून उठवतेस? यंत्रालाच वाढ की!" कुणीतरी टोमणा मारला.

गुरवकाकांनी स्वतःचं पान उचललं. मग चुली विझवून सगळेच उठले.

तासाभरात आकडा सावरला. माळावर गार भात कालवताना काकांनी विचारलं, "इतकी वर्षं जत्रेतला आपला श्वास जायचा कुठं गो?"

"राईच घ्यायची, काका."