वाढदिवसाची सुट्टी

वाढदिवसाच्या दिवशीही नव्याने लागलेला विराट कामावर हजर झाला, तेव्हा अलकाच्या मनात पाल चुकचुकली. भरपगारी सुट्टी सोडून कोण येतं?

कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं टिकावीत, म्हणून सवलती आखायचं काम बोम्मसंद्रातल्या या पंपांच्या कारखान्यात तिच्याकडे होतं. तिने त्या जीव ओतून आखल्या होत्या. वाढदिवसाला सुट्टी, सकाळी गरम इडली-वडा मोफत, शिवाय जिम. पण जिमकडे कुणी फिरकत नव्हतं आणि इडल्या जुने कामगारच संपवत होते. नवी मुलं आपापला डबा घेऊन कॅन्टीनच्या मागे बसायची. अलका दिसली की गप्प व्हायची. सगळी मिळून दुसरीकडे नोकरी शोधताहेत, याबद्दल तिला आता शंका उरली नव्हती. आणि मालक श्रीरंग सरांनी तर बजावलंच होतं, "ही मुलंसुद्धा आधीच्यांसारखी पळाली, तर तुमचंही काम संपलं."

त्या दुपारी ती थेट त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

"काय शिजतंय? माझ्या नाश्त्यात विष आहे का रे?"

मुलं चुळबुळली. बोलली ती बनशंकरी भागातून येणारी संयोगिता. "ते नाही ठाऊक, अक्का. पण इडली खाल्ली, तर नोकरी सोडायची नाही असं किती महिन्यांचं लिहून घेणार?"

"अगं, काही नाही! फुकट आहे."

"सरी, ठीक आहे. मार्कशीटसुद्धा 'स्वल्प दिवस, तपासायला' म्हणूनच नेल्या होत्या ना?"

अलकाचं हसू तिथेच थिजलं. मुलांच्या मूळ मार्कशीट रुजू झाल्या दिवसापासून सरांच्या कपाटात होत्या. मुलं मध्येच पळू नयेत, म्हणून कारखान्याची ही जुनी रीत. त्या तिनेच, गोड बोलून, त्यांच्या हातातून घेतल्या होत्या. त्यात काही वावगं आहे, असं तिला कधी वाटलंही नव्हतं. मुलं मात्र तेव्हापासून तिच्या प्रत्येक सवलतीत नवा फास शोधत होती.

ती सरांकडे गेली आणि तिने कपाटाची किल्ली मागितली.

"कागद हातात पडले की उद्या एक पोर दिसणार नाही," सर म्हणाले. "मग तुम्हीही येऊ नका."

"चालेल," अलका म्हणाली. सरांनी किल्ली टेबलावर टाकली.

संध्याकाळी तिने एकेकाला मार्कशीट परत दिली. विराटने आपली उजेडात धरून पाहिली. झेरॉक्स तर नाही ना! मग मुलं गेटकडे निघाली.

अलकाला राहवेना. तिने संयोगिताला गाठलं.

"उद्या येशील ना गं?"

संयोगिताने मार्कशीट पिशवीत सरकवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसली.

"येते की, अक्का. पण येणार का, हे तुम्ही आज विचारलंत. कागद कपाटात होते, तोवर कुणी विचारलंच नव्हतं."